लाँचचा बेल्ट सारखा तुटतोय, कारण हुडकून द्या

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी. कागवाड तालुक्यात कृष्णेवर आमच्या शेतकरी गटाची एक लोखंडी लाँच आहे. एरवी पैलतीरावरच्या शेतात माणसं, वैरण, खताची पोती न्यायची. श्रावणात सोमवारी खिद्रापूरच्या कोपेश्वराला जाणारे लोक असतात. पूर आला की तलाठ्याचा फोन येतो आणि लगेच सोडावी लागते. इंजिन चार सिलिंडरचं डिझेल, ट्रकच्या जातीचं, बोटीसाठी बदललेलं. किनारपट्टीवरून सेकंडहँड आणलेलं.

त्रास बेल्टचा आहे. एकच बेल्ट त्रिकोणात फिरतो. खाली क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) पुली, वर पाण्याचा पंप, बाजूला बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. उन्हाळ्याच्या तोंडावर जुना तुटला, तो तडकलेलाच होता, त्याची तक्रार नाही. चिकोडीतून नवा आणून घातला, तो फार टिकला नाही. मग चांगल्यातला घेतला. तो काल भर नदीत गेला.

कालचं असं झालं: आधी चार्जिंगचा लाल दिवा लागला. आरपीएमचा काटा झपकन शून्यावर आला, खरं इंजिन चालूच. थोड्या वेळानं टेंपरेचर चढायला लागलं. मागं धुराड्यातून पाणी मात्र नेहमीसारखं पडत होतं. सोबतचा म्हणाला, पाणी पडतंय म्हणजे कूलिंग ठीक, काटाच खोटा असेल. तरी काठाला लावून बंद केलं.

एक मिस्त्री म्हणतोय बेल्ट डुप्लिकेट. दुसरा म्हणतोय अजून ताणून बांधा. तिसरा म्हणतोय अल्टरनेटरच बदला. मृगाच्या आधी निकाल लावायचाय. कुणाला असा अनुभव आहे का?

---

ऊसवाला_अथणी | रविवार, रात्री ९:२५

केंदाळ, म्हणजे जलपर्णी, बघितलं काय? पंचगंगेतनं सगळं तुमच्याकडंच उतरतंय. आमच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला दर आठ दिवसांनी गठ्ठा निघतोय. पाणी ओढलं नाही की इंजिन तापणारच.

---

कारवार_लाँच | रविवार, रात्री १०:०५

केंदाळाचा संशय साहजिक आहे, पण इथे तो बसत नाही. कृष्णाकाठ यांनी जो क्रम लिहिलाय त्यातच निम्मं उत्तर आहे.

अशा बऱ्याच इंजिनांवर आरपीएमचा काटा अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टोकावरून चालतो. अल्टरनेटर थांबला की काटा पडतो, इंजिन खुशाल चालू राहतं. म्हणजे लाल दिवा लागला आणि काटा पडला त्या क्षणी बेल्ट गेला, आणि तापमान त्यामुळे नंतर चढलं. जाळीत केंदाळ अडकलं असतं तर दिवा लागलाच नसता. नुसतं तापमान चढलं असतं आणि धुराड्याचं पाणी बारीक झालं असतं.

आता धुराड्याच्या पाण्याचं. तुमच्या इंजिनात दोन वेगळी पाणी आहेत. एक नदीचं. ते तळातून जाळीत, तिथून रबरी पंख्याच्या पंपात, मग हीट एक्स्चेंजरमधून (तिथे ते आतल्या कूलंटची उष्णता घेतं) जाऊन धुराड्यातून बाहेर पडतं. तुम्ही सांगताय त्यावरून तो पंप गिअरवर आहे, बेल्टवर नाही. दुसरं इंजिनाच्या आत बंद फिरणारं कूलंट. ते फिरवणारा पंप तुमच्या त्या त्रिकोणातला. बेल्ट तुटला की नदीचं पाणी बाहेर पडतच राहतं, आणि आतलं कूलंट जागच्या जागी उकळायला लागतं. काटा खोटा नव्हता. खोटा होतो तो नंतर: कूलंट उकळून बाहेर गेलं की सेन्सर वाफेत राहतो, आणि काटा उतरल्यासारखा दिसतो. तसं दिसलं तर 'थंड झालं' म्हणून पुन्हा सुरू करू नका. टोपी गरम असताना उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) तडकतं.

हे झालं बेल्ट तुटल्यावरचं. तो का तुटतो ते वेगळं बघू. तुटलेला बेल्ट फेकला नाही ना? फेकला असेल तर उकिरड्यातून काढा. दोन्ही कडा, आतली बाजू, आणि तुटलेली टोकं कशी दिसतात ते सांगा. बेल्टच्या आसपास काळी भुकटी पडलीय का, आणि पडली असेल तर कोणत्या बाजूला, तेही बघा. नवा बेल्ट तोवर घालू नका.

---

गिरणीवाला_सदलगा | सोमवार, सकाळी ६:४०

बाळ, आधी मला बेल्टचा नंबर सांग. दुकानदार काउंटरवर हाताला येईल ते देतात. ए सेक्शन म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर, उंची ८. बी म्हणजे १७ आणि ११. गिरणीला, मळणी मशीनला बी चालतो. बोटीच्या इंजिनाला बऱ्याचदा मोटारीतला दातेरी बेल्ट असतो, १० किंवा १३ मिलिमीटरचा. ए ४२ म्हटलं तर ४२ इंच ही आतली लांबी. मोटारीच्या बेल्टवर मिलिमीटर असतात आणि ती लांबी बाहेरची. हा घोळ तालुक्याच्या गावात रोज होतो.

दुसरं, व्ही बेल्ट बुडावर ओढत नाही, दोन कडांवर ओढतो. खोबणीचं बूड चकाकत असेल तर बेल्ट खाली टेकतोय. म्हणजे बेल्ट बारीक आहे किंवा पुली झिजलीय. वर उचलून बसत असेल तर बेल्ट जाड आहे. काठाला समपातळीत, फार तर कणभर वर, असा बसला पाहिजे.

अजून ताणून बांधा म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठव. सगळ्यात लांब पल्ल्याच्या मधोमध अंगठ्यानं जोरात दाबलं की १० ते १२ मिलिमीटर खाली जायला पाहिजे. त्यापेक्षा ताठ केला की पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग जातं, आणि मग तेच बेअरिंग बेल्ट खातं.

---

कृष्णाकाठ | सोमवार, दुपारी १:३०

मामा, बेल्ट १३ चाच आहे, जुन्याशी नंबर जुळतोय. खोबणीत काठाला बरोबर बसतोय. बूड चकाकत नाही, उलट थोडा तांबेरा आहे.

कारवार दादा, बेल्ट फेकलेला नाही, गोठ्यात खुंटीला होता. बघितलं ते असं:

पुढच्या बाजूची कड घासून गुळगुळीत झालीय आणि तिथनं दोऱ्या निघाल्यात. मागची कड जवळजवळ नव्यासारखी. आतल्या बाजूला तडे नाहीत. तुटलेली टोकं सरळ कापल्यासारखी नाहीत, पिंजारलेली आहेत. काळी भुकटी आहे, भरपूर. क्रँकच्या पुलीच्या आसपास आणि खाली बिल्जच्या तेलकट पाण्यावर (बोटीच्या तळात साचतं ते).

बेल्ट नसताना अल्टरनेटर हातानं फिरवला, मोकळा फिरतोय, आवाज नाही. पाण्याच्या पंपाचा दांडा हलवून बघितला, खेळ नाही. पंपाच्या खालच्या बारक्या भोकातनं थेंबही नाही.

---

कारवार_लाँच | सोमवार, दुपारी २:१५

छान तपासलंत. एवढ्यावरून बऱ्याच गोष्टी बाद होतात. बेअरिंग जाम झालं असतं तर बेल्ट घसरून दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असत्या आणि जळका वास आला असता. काही तरी मध्ये अडकून तुटला असता तर टोकं साफ दिसली असती. टॉमी (लोखंडी कांब) घालून जबरदस्तीनं चढवलेला बेल्टही तसाच अचानक जातो, कारण चढवतानाच आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात. म्हातारपणानं गेला असता तर आतून तडे असते. एकच कड खाल्ली जाते ती पुल्या एका ओळीत नसल्या की. तिन्ही पुल्यांच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. पट्टी नसेल तर ताणलेला दोराही चालेल.

---

हिडकल_जाळी | सोमवार, दुपारी ३:००

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही हिडकलच्या बॅकवॉटरला मासे धरतो. आमच्या बोटीला मागं आउटबोर्ड आहे. त्याला असा बेल्ट कुठं असतो? हे वाचून धास्ती बसली.

---

कारवार_लाँच | सोमवार, दुपारी ३:२०

टू-स्ट्रोक असेल तर बेल्टच नाही, निवांत राहा. काही फोर-स्ट्रोकना वरच्या झाकणाखाली दातेरी टायमिंग बेल्ट असतो. तो तुटला तर दिवा-बिवा काही नाही, इंजिन चालता चालता गप्प होतं आणि स्टार्टर मारला की नेहमीपेक्षा हलकं, सुळकन फिरतं. तसं झालं तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. बाकी सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

---

शिरोळचा_पाहुणा | सोमवार, सायंकाळी ६:५०

आम्ही समोरच्या काठावरचे. तुमची लाँच दिसते कधी कधी. एक शंका: पुरासाठी सर्चलाइट बसवलेत ना तुम्ही? त्यासाठी अल्टरनेटर मोठा घातला असेल तर तोच बेल्ट फाडत असेल. आमच्या गावच्या बोटीला कुणीतरी बसच्या मापाचा अल्टरनेटर बसवला होता.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सायंकाळी ७:३०

सर्चलाइट आहेत, खरं एलईडी आहेत. अल्टरनेटर पहिल्यापासूनचाच आहे. तिथं काही बदललं नाही.

पट्टी धरून बघितली. पंप आणि अल्टरनेटर एका ओळीत आहेत. क्रँकची पुली सुमारे ३ मिलिमीटर पुढं आलीय! आमचे मिस्त्री म्हणतात सोपं आहे, अल्टरनेटरच्या मागं वॉशर घालू, तोही तेवढाच पुढं येईल.

---

गिरणीवाला_सदलगा | सोमवार, रात्री ८:१०

अल्टरनेटर पुढं घेशील, पंपाचं काय करणार? पंप इंजिनाच्या अंगालाच बसलेला. त्याला वॉशर घातला तर पाणी गळेल.

---

उद्यमबाग_टर्नर | सोमवार, रात्री ९:४५

मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर आहे. पुल्या, कपलिंग हेच दिवसभर. वॉशर घालायच्या आधी एक प्रश्न मिस्त्रींना विचारा: क्रँकची पुली ३ मिलिमीटर पुढं आली कशी? क्रँक तर पुढं येत नाही. तिचा पुढं-मागं खेळ मिलिमीटरच्या काही दशांशांत असतो. ती खरंच ३ मिलिमीटर सरकली असती तर इंजिन एव्हाना बंद पडून लिलावात गेलं असतं. म्हणजे सरकलीय ती पुली. आणि पुली बोल्टनं घट्ट असेल तर पुलीचा एखादा भाग.

पुली एकाच तुकड्याची आहे की मधी काळी रबराची रिंग दिसते? आत हब, मग रबर, बाहेर लोखंडी कडं, असं असेल तर ती नुसती पुली नव्हे, डॅम्पर आहे. क्रँकला प्रत्येक सिलिंडर पेटताना पीळ बसतो आणि सुटतो, ती थरथर ते बाहेरचं कडं रबरावर झेलतं. रबर हबपासून सुटलं की कडं हळूहळू पुढं चालत येतं आणि गोलही फिरतं. थांबलेल्या इंजिनात हाताला घट्ट लागतं, म्हणून मिस्त्रींच्या लक्षात येत नाही.

खात्री करायची रीत: पुली चिंधीनं स्वच्छ पुसा. पांढऱ्या पेंटनं हबपासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ मारा. पेंट वाळू द्या. जुनापाना कसला तरी बेल्ट घालून काठाला बांधलेल्या अवस्थेत गिअर टाकून थोडा वेळ लोडवर चालवा, तापमानावर नजर ठेवून. बंद करा, रेघ बघा. रेघ मोडली असेल तर पुढं बोलू.

---

ऊसवाला_अथणी | सोमवार, रात्री १०:००

अण्णा, तुमच्यासारखे लोक आमच्या ट्रॅक्टरच्या धाग्यावर का येत नाहीत?

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ११:२०

काल दिवसभर लाईट नव्हती आणि नदीकाठाला फोन कधी कर्नाटकात असतोय, कधी महाराष्ट्रात, म्हणून उशीर.

रबराची रिंग आहे. रेघ मारली, काठाला दोरखंडानं बांधून चालवलं. रेघ मोडली! हबवरचा भाग जिथल्या तिथं, कड्यावरचा भाग दोन बोटं मागं राहिलाय. मिस्त्री स्वतः वाकून बघत होते, मग गप्प बसले.

आता काय करायचं? मामांच्या गिरणीत बिडाची घन पुली बघितलीय मी, तशीच करून घेतली तर?

---

गिरणीवाला_सदलगा | बुधवार, दुपारी १२:०५

मी तेच म्हणणार होतो. त्याच मापाची बिडाची पुली ओतून, टर्न करून घे. रबर नको, काही नको. जन्माचं काम होईल. आमच्या गिरणीची पुली वडलांच्या काळातली आहे. नाहीतर आहे त्याच पुलीला चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मार.

---

उद्यमबाग_टर्नर | बुधवार, दुपारी १:४०

मामा, राग मानू नका. घन पुली केली तर धंदा माझ्यासारख्यालाच मिळणार आहे, तरी सांगतो: नको. गिरणी मोटारीवर चालते, तिची फिरकी एकसारखी असते. चार सिलिंडरच्या डिझेलची नसते. ज्या इंजिनाला कंपनीनं डॅम्पर दिलाय त्याचा डॅम्पर काढून घन पुली घातली तर बेल्ट सरळ चालेल, आवाजही गोड येईल, आणि ती थरथर कुणी झेलत नाही म्हणून क्रँकला बारीक तडा पडायला सुरुवात होईल. टायमिंगचे गिअर खडखडतील. नेमकं कधी तुटेल ते कुणी सांगू शकत नाही. बोटीला ते पुराच्या दिवसातही होईल. काही छोट्या इंजिनांना मुळातच साधी घन पुली असते, त्यांना घन चालते. हे इंजिन त्यातलं नाही, पुली स्वतःच सांगतेय.

वेल्डिंग तर अजिबात नको. रबर जळतं, कडं वाकडं होतं, तोल जातो, आणि घन पुलीचे सगळे तोटेही येतात.

काही जण रबर पुन्हा बसवून देतात. नीट सेंटरला बसवून, फिरवून तपासून देणारा असेल तर तात्पुरतं ठीक. मी ते काम घेत नाही. पुलीच्या तोंडावर किंवा मागं ओतीव नंबर असतो, तो घेऊन नवी डॅम्पर पुली हुडका. इंजिन ट्रकच्या जातीचं आहे म्हणता, मग कोल्हापुरात किंवा बेळगावात ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळायची शक्यता आहे. बोटीचा पार्ट म्हणून विचारू नका, किंमत लगेच वाढते.

आणखी एक, बाहेरच्या कड्यावर टायमिंगची खूण असते. कडं फिरलंय म्हणजे ती खूण आता खोटी आहे. त्या खुणेवरून कुणाला डिझेल पंपाचं टायमिंग लावू देऊ नका.

---

कारवार_लाँच | बुधवार, दुपारी २:३०

टर्नर भाऊंशी शंभर टक्के सहमत. माझा एकच प्रश्न उरतो. डॅम्परचं रबर वर्षानुवर्षं टिकतं. ते सुटलं कशानं? वयानं असू शकतं. पण तुम्ही पहिल्या पोस्टनंतर 'बिल्जच्या तेलकट पाण्यावर' भुकटी आहे असं लिहिलंत. तेल कुठून आलं? पुली काढाल तेव्हा तिच्या मागे, हबच्या मुळाशी, बारकाईनं बघा. पुढचं ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग, तिथेच असतं.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, सायंकाळी ५:१५

दादा, तुम्ही नदीवर येऊन बघून गेलात काय?

पुली पुलर लावून काढली. हबच्या मागं काळ्या दोऱ्या गुंडाळलेल्या निघाल्या, तेलात भिजून घट्ट झालेल्या. बेल्टच्याच आहेत. सील एका बाजूला फाटलंय आणि तिथनं तेल पाझरून सगळं रबराच्या रिंगवर गेलंय. रबर बोटानं दाबलं तर पिठागत मऊ लागतंय.

---

उद्यमबाग_टर्नर | गुरुवार, सायंकाळी ६:००

मग साखळी पूर्ण झाली. उन्हाळ्यात जो म्हातारा बेल्ट तुटला, त्याच्या दोऱ्या क्रँकनं ओढून हबच्या मागं गुंडाळल्या. त्यांनी सील कापलं. सीलमधून तेल आलं, तेलानं रबर फुगून सुटलं, कडं पुढं सरकलं, ओळ बिघडली, आणि नंतरचे दोन्ही बेल्ट एका कडेनं खाल्ले गेले. दुकानदार आणि कंपनी दोघंही निर्दोष!

बेल्ट तुटला की तुकडे मोजून, जुळवून बघायचे. लांबी कमी भरली तर उरलेला भाग कुठंतरी आत आहे, तो काढल्याशिवाय नवा घालायचा नाही. हे कुणी करत नाही.

आता सील बदलताना हबवर जिथं सीलची जीभ घासते तिथं नख फिरवा. चर लागला तर त्या हबवर नवं सीलही गळेल. तुम्ही पुलीच नवी घेताय, तिचा हब नवा आहे, म्हणून प्रश्न मिटला. जुनीच वापरायची असती तर पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती. सील बसवताना कोरडं नको, जिभेला तेल लावा, आणि हातोडीनं एका बाजूनं ठोकू नका. सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा धरून चारी बाजूंनी सारखं बसवा.

---

गिरणीवाला_सदलगा | गुरुवार, सायंकाळी ६:३०

हे मला माहीत नव्हतं. घन पुलीचं माझं म्हणणं गिरणीपुरतं ठेवतो.

---

शिरोळचा_पाहुणा | गुरुवार, रात्री ८:४०

कारण सापडलं हे उत्तम. पण माझी काळजी वेगळी आहे. उद्या जुलै-ऑगस्टात कोयनेचं आणि राधानगरीचं पाणी एकदम आलं आणि भर प्रवाहात बेल्ट गेला तर काय करायचं, हे बोटीवरच्या पोरांना माहीत हवं. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आम्ही बोटीत होतो. काठाला लावून बंद करा हे उन्हाळ्यात बोलायला ठीक. पुरात इंजिन बंद केलं की बोट आडवी होते आणि झाडाला, तारेला, बुडालेल्या घराच्या पत्र्याला जाऊन भिडते. २०१९ च्या ऑगस्टात ब्रह्मनाळला बोट उलटून काय झालं ते या काठावर कुणाला सांगायला नको.

---

कारवार_लाँच | गुरुवार, रात्री ९:३०

रास्त मुद्दा. पुरात इंजिन आणि माणसं यांत निवड आली तर इंजिन जाऊ द्यायचं. हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) बदलता येतं.

बेल्ट गेला तरी जुन्या पद्धतीचं, यांत्रिक पंपाचं डिझेल वीज नसताना चालत राहतं. (बंद करायच्या सोलेनॉइडला चालू राहायला वीज लागते अशी काही इंजिनं असतात, त्यांना बॅटरी पुरेपर्यंतच.) म्हणून लाल दिवा लागल्याबरोबर आरपीएम कमीत कमी, नाक पाणी येतं त्या बाजूला, आणि सगळ्यात जवळच्या शांत पाण्याकडे. कूलंट फिरत नाही, म्हणजे हातात फार वेळ नाही. लोड कमी असेल तर थोडा जास्त मिळतो. जाता जाता नांगर मोकळा करून हाताशी ठेवा, तो दोरीच्या गुंत्यात अडकलेला सापडतो नेमका त्याच वेळी.

नांगर धरला, बोट थांबली की मग इंजिन बंद. बॅटरीचा स्विच काढा, कुणी चुकून स्टार्टर मारला तर बोटं जातील. अल्टरनेटरचे बोल्ट ढिले, जुन्या बेल्टचे तुकडे काढून जुळवायचे, नवा घालायचा, हातानं ताण बघायचा. यासाठी लागणारे दोन पाने आणि एक टॉमी बेल्टसोबत एकाच पिशवीत इंजिनाजवळ टांगून ठेवा. घरच्या पेटीतले पाने त्या दिवशी घरीच असतात. दिवसा, कोरड्यात, पोरांकडून एकदा बदलून घ्या. पहिल्या वेळी कुणालाच पटकन जमत नाही.

---

ऊसवाला_अथणी | गुरुवार, रात्री ९:५०

बेल्ट नसेल तर नायलॉनची दोरी बांधून चालवतात म्हणे?

---

कारवार_लाँच | गुरुवार, रात्री १०:१०

गाठ पुलीवरून जाताना उडते, दोरी घसरते आणि शेवटी तीही हबच्या मागे गुंडाळली जाते. वरचं सगळं वाचल्यावर कशाला? दोन जादा बेल्ट ठेवा.

---

कृष्णाकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ८:५५

डॅम्पर पुली ओतीव नंबर दाखवून कोल्हापुरात मिळाली, ट्रकच्याच दुकानात. बोटीचं नाव काढलं नाही. सील नवं, बेल्ट नवा. पट्टी धरली, तिन्ही पुल्या एका ओळीत, वॉशरची गरजच पडली नाही. मामांनी सांगितल्याप्रमाणे अंगठ्याचा ताण ठेवला. थोडा वेळ चालवल्यावर बेल्ट किंचित सैल वाटला म्हणून पुन्हा एकदा घट्ट केला.

नव्या पुलीवरही पेंटची रेघ मारून ठेवलीय. आज खताची पोती भरून पैलतीराला जाऊन आलो. रेघ सरळ आहे. पुलीखाली पांढरा कागद चिकटवला होता, त्यावर भुकटीचा कण नाही. बिल्ज धुऊन घेतलं, आता तेल कुठनं गळलं तर लगेच कळेल.

---

उद्यमबाग_टर्नर | मंगळवार, रात्री ९:१५

झकास. जुनी पुली भंगारात टाकू नका, बेळगावात आलात तर आणा. शिकाऊ पोरांना दाखवायला पाहिजे.

---

कारवार_लाँच | मंगळवार, रात्री ९:४०

अभिनंदन. इंजिन एकदा तापलंय, म्हणून थोडं लक्ष ठेवा. ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइल पांढरट, साईसारखं दिसतंय का, कूलंटची पातळी बाहेर गळती नसताना उतरतेय का, आणि थंड इंजिन सुरू करताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का. यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट. पाऊस लागायच्या आत समजलेलं बरं.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७:२०

आत्ताच बघितलं. ऑइल काळंच आहे, बुडबुडे नाहीत. कूलंट रेघेवर आहे, तिथं खूण करून ठेवलीय. रविवारी परत बघून इथंच कळवतो. जादा बेल्ट आणि पाने पिशवीत घालून टांगलेत. पोरं रविवारीच बदलून बघणार आहेत. शिरोळवाले, समोरच्या काठावर असाल तर या.